फ्लोमीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि डोसिंग पंप संगणकाला जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात पाण्यात कॉस्टिक (दाहक सोडा) मिसळणारी एक लाइन आहे. तिच्यावर तीन मॅग्नेटिक फ्लोमीटर, हवेवर चालणारा एक कंट्रोल व्हॉल्व्ह, ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) फिरणारा पाण्याचा पंप आणि रसायन मोजून सोडणारा एक डिजिटल डोसिंग पंप आहे. आज सगळं पॅनेलवरच्या बटणांवर आणि ऑपरेटरच्या अंदाजावर चालतं. मालकांना आकडे ऑफिसातल्या संगणकावर हवेत आणि जमलं तर नियंत्रणही तिथूनच हवं. एक पुरवठादार म्हणतो, यूएसबीचा आरएस-४८५ (अनेक उपकरणांना जोडणारी दोन तारांची लाइन) कन्व्हर्टर घ्या, सगळी उपकरणं मॉडबसने (उपकरणांनी आकडे देण्याघेण्याच्या ठरलेल्या भाषेने) एकाच केबलवर ओवा आणि संगणकातल्या प्रोग्रॅमवरून चालवा. दुसरा म्हणतो, पीएलसीशिवाय, म्हणजे यंत्रं चालवण्यासाठीच केलेल्या औद्योगिक कंट्रोलरशिवाय, याला हात लावू नका. यातलं कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका, पण पहिल्याची केबलही फेकून देऊ नका.

जोडणीचा विचार प्रोटोकॉलपासून सुरू केला की गाडं हमखास भरकटतं. आधी कागद घ्या आणि प्रत्येक सिग्नलसमोर एकच गोष्ट लिहा: रात्री दोन वाजता ही तार तुटली तर काय होईल? पाण्याच्या फ्लोमीटरची तार तुटली तर डोसिंग थांबायला हवं, नाहीतर टाकीत नुसतं कॉस्टिक जाईल. व्हॉल्व्हची तार तुटली तर तो बंद व्हायला हवा की उघडा राहायला हवा, हे प्रोसेसवाल्यांनी सांगायचं. टाकीत जाणाऱ्या एकूण पाण्याचा आकडा संगणकावर दहा मिनिटं आला नाही तर कुणाचंही काही बिघडत नाही. एवढं लिहून झालं की सिग्नलचे दोन गट आपोआप पडतात. काही हुकूम देणारे, काही नुसती खबर देणारे. हुकुमाचे सिग्नल स्वतंत्र तारांनी पीएलसीत न्या. खबरीचे मॉडबसवर खुशाल जाऊ द्या.

संगणकाला हुकुमाच्या वाटेवर का ठेवायचं नाही? विंडोज वाईट आहे म्हणून नव्हे. ते या कामासाठी केलेलंच नाही. अपडेट आलं की यंत्र आपल्या मर्जीने रीस्टार्ट होतं. वीज वाचवण्याची सेटिंग यूएसबी पोर्टला झोपवते. सफाईवाल्याने कन्व्हर्टर काढून शेजारच्या पोर्टमध्ये घातला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो आणि प्रोग्रॅम जुनाच नंबर शोधत बसतो. द्रव प्रवाहाचा लूप, म्हणजे मोजा-ठरवा-हलवा हे चक्र, तर चपळ असतो. व्हॉल्व्ह हलला की एक-दोन सेकंदांत प्रवाह बदललेला असतो, म्हणून पीआयडीने (हवा तो आकडा आणि मोजलेला आकडा यांतला फरक पाहून व्हॉल्व्ह किती हलवायचा ते ठरवणाऱ्या गणिताने) सेकंदात निदान चार-पाच वेळा मोजून निर्णय घ्यायला हवा.

आता मॉडबसचा वेग पाहा. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक अक्षर ११ बिटांचं धरलं तर त्याला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात. दोन रजिस्टर (उपकरणातले आकड्यांचे कप्पे) वाचायला विचारणा ८ बाइटची, उत्तर ९ बाइटचं. म्हणजे तारेवरच सुमारे २० मिलिसेकंद गेले. त्यात मधली शांतता आणि उपकरणाचा स्वतःचा विचार करण्याचा वेळ धरा, तो कधी १० मिलिसेकंद तर कधी १०० असतो. सहा उपकरणांची एक फेरी अर्ध्या-पाऊण सेकंदाला सहज पोचते. हे सगळं ठीक चाललेलं असताना. एक उपकरण बंद पडलं, टाइमआउट एक सेकंद आणि तीनदा प्रयत्न करायचा असं ठरवलेलं असेल, तर प्रत्येक फेरीत तीन सेकंद त्या मेलेल्या उपकरणाची वाट पाहण्यात जातात आणि बाकीच्या पाचांचे आकडे तेवढे शिळे होतात. बॉड वाढवून थोडं सुधारतं, पण मेलेल्या उपकरणाचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून पाण्याच्या मुख्य फ्लोमीटरचं रीडिंग, व्हॉल्व्हचा हुकूम, व्हॉल्व्हची प्रत्यक्ष जागा आणि ड्राइव्हचा वेग हे चार सिग्नल ४-२० मिलिअँपने, म्हणजे तारेतल्या करंटवरून मूल्य सांगणाऱ्या पद्धतीने, पीएलसीला जोडा. पंप चालू-बंद आणि ट्रिप (बिघाडाने बंद पडणं) साध्या रिले संपर्कांनी. हे जुनाट वाटेल, पण ४ मिलिअँप म्हणजे शून्य प्रवाह आणि ० मिलिअँप म्हणजे तार तुटली, हा फरक ज्याने प्रमाणात बसवला त्याने आपल्या सगळ्यांवर उपकार केले आहेत. नामुर या प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँप हे मोजमापाचं क्षेत्र, ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं तर बिघाड समजायचा. पीएलसीत या मर्यादा घाला आणि बिघाड दिसताच डोसिंग बंद करा. हे चार ओळींचं लॉजिक आहे, पण बहुतेक पॅनेलमध्ये नसतं.

४-२० मध्ये सर्वांत जास्त वेळ खाते ती ॲक्टिव्ह-पॅसिव्हची, म्हणजे लूपला वीज कोण देतं याची भानगड. प्रेशर किंवा लेव्हल ट्रान्समीटर बहुधा दोन तारांचा असतो. त्याला स्वतःची वीज नसते, २४ व्होल्ट पीएलसीच्या बाजूने द्यावे लागतात. मॅग्नेटिक फ्लोमीटर बहुतेक चार तारांचा. त्याला वेगळा पुरवठा असतो आणि त्याचं आउटपुट अनेकदा स्वतःच करंट ढकलतं. पीएलसी कार्डही २४ व्होल्ट देणारं निवडलं तर दोन पुरवठे समोरासमोर उभे राहतात. मग रीडिंग शून्य येतं, किंवा पूर्ण भरतं, किंवा कार्डाचं चॅनल जातं. दोन्ही बाजू पॅसिव्ह असतील तर काहीच येत नाही. जोडण्याआधी मीटरच्या टर्मिनलवर तार सोडवून मल्टिमीटर लावा. मोकळ्या टर्मिनलवर व्होल्टेज दिसलं तर ते ॲक्टिव्ह. काही मीटरमध्ये दोन्ही पर्याय वेगवेगळ्या टर्मिनलवर असतात, तेव्हा मॅन्युअलमधलं चित्र बघा, टर्मिनलवरच्या अधिक-उणे खुणांवर जाऊ नका.

व्हॉल्व्हच्या बाजूला दोन गोष्टी. पोझिशनरचा (हुकुमाप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) लूपवरचा भार बऱ्यापैकी असतो, पुष्कळदा ४०० ते ५०० ओहम. पीएलसीच्या ॲनालॉग आउटपुट कार्डाला तेवढा झेपतो का ते डेटाशीटमध्ये बघा. नाहीतर व्हॉल्व्ह ऐंशी टक्क्यांपर्यंत नीट उघडतो आणि पुढे हलतच नाही, मग मेकॅनिकल फिटर ग्लँड सैल करत बसतो. दुसरं म्हणजे हवा जाणं आणि सिग्नल जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. हवा गेली तर स्प्रिंग ठरवते. हवा आहे पण सिग्नल गेला, तर पोझिशनर ठरवतो. दोन्हींची दिशा एकच आहे का ते प्रत्यक्ष तार काढून पाहा. जागेचा फीडबॅक घेतला असेल तर हुकूम आणि जागा यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक दहा सेकंद टिकला की अलार्म द्या. अडकणारा व्हॉल्व्ह बंद पडण्याच्या कितीतरी आधी असा कळतो.

स्केलिंगचं एक उदाहरण देतो, कारण ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मीटरमध्ये २० मिलिअँपला ६० घनमीटर प्रतितास भरलेलं आहे आणि पीएलसीत ५०. प्रत्यक्ष प्रवाह ३० असताना मीटरच्या डिस्प्लेवर ३० दिसतं, संगणकावर २५. ऑपरेटर म्हणतो मीटर खराब, मीटरवाला म्हणतो पीएलसी खराब. सीमेन्सच्या कार्डांत ४ ते २० मिलिअँप म्हणजे ० ते २७६४८ असा कच्चा आकडा येतो, इतर कंपन्यांत वेगळा. तेव्हा सूत्र एका कार्डावरून दुसऱ्यावर आंधळेपणाने उचलू नका. मीटरमधलं डॅम्पिंग (रीडिंगचे चढउतार सपाट करणारा उशीर) आणि पीएलसीतलं फिल्टर या दोन्हींत पाच-पाच सेकंद ठेवणारेही भेटतात, आणि मग पीआयडी झोके घेतो म्हणून तक्रार करतात.

आता डोसिंग पंप. इथे माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक डिजिटल डोसिंग पंपांना पल्स इनपुट असतं. पाण्याच्या फ्लोमीटरचं पल्स आउटपुट थेट त्यात द्या आणि इतक्या लिटरला एक पल्स, एका पल्सला इतके स्ट्रोक, असं प्रमाण पंपातच लावा. पाणी वाढलं की डोस वाढतो, पाणी थांबलं की पल्स थांबतात आणि डोसही थांबतो. तार तुटली तरी डोस थांबतो. संगणक बंद असो की पीएलसी, प्रमाण बिघडत नाही. पीएलसीने पंपाला फक्त परवानगीचा संपर्क द्यायचा, आणि तो संपर्क टाकीचा वरचा लेव्हल स्विच आणि इमर्जन्सी बटण यांच्या तारेतून जाऊ द्या, प्रोग्रॅममधून नव्हे. पल्स आउटपुट ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देणारं) असेल तर पुल-अप रेझिस्टर कोण देतं ते तपासा, आणि फ्लोमीटरमध्ये रिकाम्या पाइपची ओळख चालू ठेवा. नाहीतर पाइप अर्धवट रिकामा असताना मीटर मनाला येईल तसे पल्स सोडतो आणि डोसिंग पंप आज्ञाधारकपणे कॉस्टिक टाकत राहतो.

राहिली खबरीची बाजू, म्हणजे पहिल्या पुरवठादाराची आरएस-४८५. तिन्ही फ्लोमीटरचे एकूण आकडे, तापमान, निदानाचे संकेत, ड्राइव्हचा करंट, पंपाचे तास हे सगळं तिच्यावरून आणा. केबल एका उपकरणातून दुसऱ्यात अशी साखळीने न्या. जंक्शन बॉक्समधून पाच दिशांना फाटे फोडू नका. १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावा. सगळं बंद करून मल्टिमीटरने दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. ४० आलं तर कुणीतरी मध्ये तिसरा लावला आहे, १२० आलं तर एक टोक राहिलं आहे. ए आणि बी या नावांवर भरवसा ठेवू नका, कंपन्या ती उलटसुलट वापरतात. उत्तरच येत नसेल तर आधी या दोन तारा अदलून पाहा, त्याने काही जळत नाही. तिसरी तार, म्हणजे सिग्नल ग्राउंड, सगळ्यांची एकत्र जोडा. दोन तारांत काम भागतं असं सांगणारे पॅनेलवाले बरेच आहेत, आणि कोरड्या दिवशी भागतंही.

मॉडबस हा मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली स्वतःच्या पीएलसींसाठी काढलेला नियम. त्यात १६ बिटांचं रजिस्टर आहे, दशांश आकड्याबद्दल काहीच ठरवलेलं नाही. त्यामुळे ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरमध्ये मांडताना कोणतं आधी ठेवायचं हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवलं. याची चाचणी सोपी आहे. मीटरमध्ये १०० हा आकडा सिम्युलेट करा आणि कच्ची रजिस्टर वाचा. १७०९६ आणि ० असं आलं तर वरचं रजिस्टर आधी आहे. ० आणि १७०९६ आलं तर उलटं आहे, आणि प्रोग्रॅममध्ये क्रम बदलला नाही तर संगणकावर जवळजवळ शून्य दिसत राहील. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं तेव्हा तारेवरचा पत्ता ० असतो. एका आकड्याने पुढचं-मागचं रजिस्टर वाचलं की तापमानाच्या जागी घनता येते, आणि आकडा पटण्याजोगा असला तर कुणाला संशयही येत नाही. पॅरिटी, स्टॉप बिट आणि पत्ता सगळीकडे जुळवून घ्या, त्यावर जास्त लिहीत नाही.

एकूण पाण्याचा आकडा मात्र फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात, साठवू नका. ३२ बिटांच्या फ्लोटची अचूकता २४ बिटांचीच असते. १,६७,७७,२१६ च्या पुढे त्यात १ मिळवला तरी आकडा जागचा हलत नाही. लिटरमध्ये मोजत असाल तर ही मर्यादा सुमारे १६,७७७ घनमीटरला येते. ताशी ५० घनमीटर वाहणाऱ्या लाइनवर म्हणजे अखंड चालली तर १४ दिवसांत. मग पीएलसीतला टोटलायझर (एकूण बेरीज ठेवणारा काउंटर) एका जागी खिळतो आणि मीटरचा पुढे जात राहतो. पल्स मोजून पूर्णांकात साठवा, किंवा मीटरचा स्वतःचा टोटलायझर पूर्णांक रजिस्टरमधून वाचा.

लिहिताना आणखी एक सापळा. ड्राइव्ह, पोझिशनर, डोसिंग पंप यांतली काही रजिस्टरं लिहिली की थेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठतात. अशा मेमरीची नेहमीची मर्यादा एक लाख वेळा लिहिण्याची. प्रोग्रॅमर तोच सेटपॉइंट (हवं ते ठरवलेलं मूल्य) दर सेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवत असेल तर २८ तासांत ती खर्ची पडते. तात्पुरत्या मेमरीचं वेगळं रजिस्टर असेल तर तेच वापरा, नसेल तर मूल्य बदललं तरच लिहा. ड्राइव्हमध्ये संपर्क तुटल्यावर काय करायचं याचं पॅरामीटरही असतं. अनेक ड्राइव्हमध्ये ते मुळात बंद असतं, म्हणजे संपर्क तुटला तरी पंप शेवटच्या वेगाने फिरत राहतो.

आरएस-४८५ वरच्या मॉडबसमध्ये एकच मास्टर, म्हणजे विचारणा करणारा, असतो, हे तुमच्या बाबतीत लवकरच आड येईल. सांडपाण्याच्या आउटलेटवरचा मीटर प्रदूषण मंडळाच्या ऑनलाइन देखरेखीला जोडायची वेळ आली की डेटा लॉगरवाला येतो आणि त्याच दोन तारांवर स्वतःचा मास्टर बसवतो. मग पीएलसी आणि लॉगर एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, सीआरसी चुका (संदेश बिघडून पोचल्याच्या खुणा) वाढतात आणि दोघेही मीटरला दोष देतात. अशा मीटरचं मॉडबस एकाला द्या आणि ४-२० दुसऱ्याला. दोघांनाही ४-२० च हवं असेल तर सिग्नल आयसोलेटर-स्प्लिटर घ्या.

केबल ओढताना ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी केबल आणि सिग्नलची केबल वेगवेगळ्या ट्रेमध्ये न्या. एकमेकींना छेदायचंच असेल तर काटकोनात. ४-२० केबलचं शील्ड एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. कॉस्टिकसाठी पीपी किंवा सीपीव्हीसीची पाइप असेल तर मॅग्नेटिक फ्लोमीटरला अर्थिंग रिंग लागतात. पाइपच विजेचा वाहक नसल्याने द्रवाला संदर्भ मिळत नाही आणि रीडिंग नाचतं. ऑर्डरमध्ये रिंग लिहिल्या नसतील तर आत्ताच मागवा. ऑफिस वेगळ्या इमारतीत असेल तर मधल्या अंतरासाठी तांब्याऐवजी फायबर टाका. कोकणात काय किंवा घाटावर काय, मे-जूनमधल्या विजांनी एका रात्रीत सगळे कन्व्हर्टर आणि कार्डं जातात. फायबर नसेल परवडत तर निदान आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. लाइनजवळ सॉल्व्हंट वापरत असाल तर हे सगळं बदलतं, तिथे बॅरिअर (तारेतली ऊर्जा ठिणगी पडणार नाही इतकी कमी ठेवणारं उपकरण) आणि प्रमाणित उपकरणांशिवाय एकही तार नेऊ नका.

पीएलसीपासून संगणकापर्यंत इथरनेटवर मॉडबस टीसीपी किंवा ओपीसी यूए (दोन्ही नेटवर्कवरून आकडे देण्याघेण्याच्या पद्धती) चालेल. संगणक वाचेल सगळं, लिहील फक्त सेटपॉइंट. तो स्वीकारायचा की नाही हे पीएलसी ठरवेल. किमान-कमाल मर्यादा पीएलसीत घाला, आणि एका झटक्यात किती बदल चालेल तेही. पॅनेलवर लोकल-रिमोट स्विच ठेवा, ऑपरेटरने लोकल केलं की ऑफिसचा हात सुटला पाहिजे. संगणकाने दर सेकंदाला एक आकडा वाढवत पाठवायचा, तो दहा सेकंद थांबला की पीएलसीने शेवटच्या सुरक्षित सेटपॉइंटवर चालवत राहायचं आणि अलार्म द्यायचा. एक्सेलमध्ये आकडे हवेत म्हणून कुणी थेट पीएलसीला जोडणारा मॅक्रो लिहून देईल. तो नको. डेटाबेसमध्ये नोंदी करा आणि एक्सेल तिथून घ्या.

मालक घरून मोबाइलवर बघायचं म्हणतील. राउटरवर पोर्ट उघडून देऊ नका. मॉडबसला पासवर्ड ही कल्पनाच नाही, टीसीपीवर ५०२ पोर्टला जो पोचला तो लिहू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याचा पीएलसी असाच इंटरनेटवरून ताब्यात घेतला गेला. अमेरिकी सायबर सुरक्षा यंत्रणेने त्या हल्ल्यांविषयीच्या सूचनेत सांगितलं की ते पीएलसी इंटरनेटवर उघडे होते आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला, ११११, तसाच होता. व्हीपीएन लावा, मोबाइलला फक्त वाचण्याचा अधिकार द्या.

सुरू करताना घाई करू नका. आधी लूप कॅलिब्रेटरने प्रत्येक इनपुटला ४, १२, २० मिलिअँप द्या आणि पीएलसी व संगणक दोन्हींवरचे आकडे लिहून ठेवा. व्हॉल्व्ह ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांवर हलवून डोळ्यांनी पाहा. मग कॉस्टिकच्या टाकीत नुसतं पाणी भरून एक पूर्ण पाळी चालवा. चालू असतानाच एकेक तार काढा, हवा बंद करा, संगणकाचा प्लग ओढा, ड्राइव्हची मॉडबस केबल सोडवा. पहिल्या कागदावर जे लिहिलं होतं तेच प्रत्येक वेळी घडतं का, ते पाळीच्या इन्चार्जसमोर तपासून त्यांची सही घ्या. एकही ओळ चुकली तर ती दुरुस्त करून पुन्हा तपासा आणि तोवर कॉस्टिकच्या लाइनवर ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) राहू द्या.